गणपतीत डास चावला, ताप नाताळात आला: प्रवाशांनी डासांचा हंगाम कसा ओळखावा?

मंदाकिनी_म्युनिक (१८ जानेवारी २०२६)

सप्रेम नमस्कार. आम्ही अकरा वर्षांपासून म्युनिकमध्ये राहतो. इथल्या शाळांना उन्हाळी सुट्टी ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, त्यामुळे जर्मनीतल्या इतर मराठी कुटुंबांपेक्षा आम्हाला गणपतीला घरी येणे सोपे जाते. गेल्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती. आम्ही तीन आठवडे पनवेलजवळच्या सासरच्या घरी राहिलो, विसर्जन करून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परतलो आणि सगळे ठणठणीत होतो.

१९ डिसेंबरला माझ्या यजमानांना हुडहुडी भरून ताप आला. बाहेर बर्फ पडत होते आणि कचेरीत निम्मे लोक फ्लूने आजारी होते, त्यामुळे पहिल्या दोन्ही भेटींत डॉक्टरांनी फ्लू धरूनच औषध दिले. ताप एक दिवसाआड येत होता. उतरताना चादर घामाने चिंब व्हायची आणि मधल्या दिवशी त्यांना इतके बरे वाटायचे की ते कामावर जायची तयारी करायचे. तिसऱ्या भेटीत एका तरुण डॉक्टर बाईंनी विचारले, "गेल्या वर्षभरात आपण कुठे प्रवास केला होता?" त्या एका प्रश्नानंतर काही तासांतच रक्ताच्या काचपट्टीवर प्लास्मोडियम व्हायवॅक्स हा हिवतापाचा परोपजीवी सापडला. परतल्यानंतर तीन महिने उलटून गेले होते आणि आमच्या घरात डासाचा विषयही निघाला नव्हता.

या वर्षी चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि आमची सुट्टीही त्याच दिवशी संपते, म्हणजे गणपतीला येणे जमणार नाही. आता ऑगस्टमध्ये यावे की नाताळच्या सुट्टीत यावे, हे आम्हाला ठरवायचे आहे. त्याहून मोठा प्रश्न असा, की महिना पाहून असा धोका खरोखर ओळखता येतो का? आजवर आम्ही सुट्टी आणि सण पाहून तिकिटे काढत आलो. डासांचेही काही पंचांग असते का, आणि असल्यास ते प्रवाशाने कसे वाचावे?

गप्पीमासा

मंदाकिनीताई, यजमानांची प्रकृती आता बरी असेल अशी आशा आहे. मी जिल्हा हिवताप कार्यालयात एकतीस वर्षे काम केले, म्हणून आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो. पंचांग आहे, पण ते पावसाच्या मागे मागे चालते, आणि हे मागे राहणे प्रवाशांच्या लक्षात येत नाही.

पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी हिवताप येत नाही. आधी पाणी साचावे लागते. त्यात अंडी घातली गेली की अळी, कोष आणि पूर्ण डास व्हायला आपल्याकडच्या उबेत साधारण आठ ते बारा दिवस लागतात. त्या डासाने आजारी माणसाचे रक्त प्यायल्यावर परोपजीवी त्याच्या पोटात वाढून लाळेत उतरायला आणखी दहा ते चौदा दिवस जातात, आणि तो डास निरोगी माणसाला चावल्यावर ताप येईपर्यंत निदान आणखी दीड-दोन आठवडे लागतात. ही बेरीज केली तर जूनच्या पावसाचा ताप जुलैच्या उत्तरार्धापासून दिसू लागतो, आणि म्हणूनच मुंबई-ठाणे-रायगड पट्ट्यात हिवतापाचा जोर जुलै ते सप्टेंबर असतो. डेंगीचा जोर त्याहून पुढे, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येतो.

दुसरी गोष्ट अशी, की मुसळधार पाऊस डासांना फारसा मानवत नाही, कारण तो अळ्या वाहून नेतो. डासांना हवी असते ती उघडीप: चार दिवस पाऊस, चार दिवस ऊन. श्रावण-भाद्रपदात नेमके असेच हवामान असते आणि आपल्या बहुतेक सणांची गर्दीही तेव्हाच असते. पनवेल भागात बांधकामे पुष्कळ आहेत. स्लॅबवर आठवडा-आठवडा उभे ठेवलेले पाणी आणि उघड्या टाक्या ही ॲनोफिलीस स्टिफेन्सी या शहरी डासाची आवडती जागा आहे. हा डास रात्री चावतो. डेंगीचा एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन तासांत. मखराची सजावट आणि दुपारची पंगत या वेळा एडिसच्या, रात्रीचे जागरण ॲनोफिलीसचे. गणपतीचा पाहुणा दोघांच्याही वेळापत्रकात सापडतो.

लेस्टरचा_वैद्य

गप्पीमासा यांनी मांडलेली साखळी अचूक आहे. मी इंग्लंडमध्ये संसर्गजन्य आजारांच्या विभागात काम करतो, तेव्हा या साखळीचे दुसरे टोक मी रोज पाहतो.

प्रवाशांच्या बाबतीत दोन हंगाम एकमेकांवर पडतात. एक डासांचा आणि दुसरा सुट्ट्यांचा. आमच्याकडे आयात हिवतापाचे रुग्ण सर्वाधिक येतात ते शाळांच्या उन्हाळी सुट्टीत आणि तिच्या पाठोपाठच्या आठवड्यांत. याचे मुख्य कारण म्हणजे नायजेरिया, घाना, सिएरा लिओन अशा देशांत मूळ असलेली कुटुंबे त्या काळात आजोळी जातात आणि पश्चिम आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत तेव्हा पावसाळा असतो. नाताळात गेलेले लोक जानेवारीत आजारी पडतात. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या आयात हिवतापाने दोन हजारांचा आकडा ओलांडला, आणि दोन दशकांहून अधिक काळात तसे घडले नव्हते. त्यांतले बहुसंख्य हौशी पर्यटक नव्हते. ते नातेवाइकांना भेटायला गेलेले लोक होते, म्हणजे मंदाकिनीताईंसारखे आणि माझ्यासारखे. पर्यटक मोजके दिवस हॉटेलात राहतो आणि निघण्यापूर्वी सल्ला घेतो. आपण महिनाभर घरात राहतो, गावी जातो, अंगणात झोपतो आणि सल्ला घेत नाही, कारण स्वतःच्या घरी जायला कोणी डॉक्टरला विचारत नाही.

आता आपल्या यजमानांचा ताप तीन महिन्यांनी का आला ते सांगतो. व्हायवॅक्सची काही बीजे यकृतात निद्रिस्त राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी, क्वचित वर्षानंतरही जागी होतात. हिवतापाचा दुसरा परोपजीवी, फाल्सीपेरम, तसा दडून राहत नाही. त्याचा ताप बहुधा परतल्यावर महिन्याभरात येतो, पण तो जीवघेणा असतो आणि एका दिवसाचा उशीरही महागात पडतो. म्हणून व्हायवॅक्सच्या रुग्णाला ताप कोणत्या महिन्यात आला हे पाहून काहीच कळत नाही. तो जिथे होता तिथला महिना पाहावा लागतो. रक्तातला परोपजीवी मारणाऱ्या औषधानंतर यकृतातल्या बीजांसाठी प्रायमाक्विन दिले का, आणि ते देण्यापूर्वी जी-६-पी-डी ही, हे औषध रुग्णाला सोसेल का ते सांगणारी, रक्ततपासणी केली का, हे आपण जरूर विचारून घ्यावे. ते राहून गेले तर मार्च-एप्रिलमध्ये हाच ताप पुन्हा येऊ शकतो.

मंदाकिनी_म्युनिक

डॉक्टर, आपले मनापासून आभार. तपासणी झाली होती आणि चौदा दिवसांचे प्रायमाक्विन १२ जानेवारीला पूर्ण झाले. ते कशासाठी होते हे मात्र मला आज पहिल्यांदा नीट समजले.

भाऊचा_धक्का

मी थोडे वेगळे मत मांडतो. आम्ही गिरगावच्या चाळीत वाढलो. पावसाळ्यात प्रत्येक घरात कोणाला ना कोणाला थंडीताप यायचा, गोळ्या घेतल्या की तो जायचा. परदेशी गेलेली मुले आता दोन आठवड्यांसाठी येतात आणि पहिल्या दिवसापासून डासाच्या भीतीने अंगणात येत नाहीत. आजी-आजोबांना वर्षातून एकदा नातवंडे दिसतात, तीही जाळीच्या आड. आपल्या रक्तात थोडी प्रतिकारशक्ती असतेच. महिन्यांचे कोष्टक मांडून सणाला यायचे टाळावे, हे मला पटत नाही.

लेस्टरचा_वैद्य

भाऊ, आजी-आजोबांविषयी आपण लिहिले ते मला मनापासून पटते, कारण माझी आई साताऱ्याला एकटी असते. परंतु प्रतिकारशक्तीचे गृहीतक धोक्याचे आहे. हिवतापाची प्रतिकारशक्ती वारंवार संसर्ग होत राहिला तरच टिकते, तीही अर्धवट, आणि ती भाग सोडून गेलेल्या माणसात काही वर्षांत ओसरते. परदेशात जन्मलेल्या मुलांत ती मुळातच नसते. डेंगीची गोष्ट तर उलटी आहे. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एका प्रकाराचा डेंगी होऊन गेला आणि काही वर्षांनी दुसऱ्या प्रकाराचा झाला, तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. म्हणजे लहानपणी मुंबईत वाढलेला आणि आता दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भेटीला येणारा माणूस या बाबतीत पहिल्यांदा आलेल्या परदेशी पाहुण्यापेक्षा अधिक जपून राहायला हवा.

ओहायोची_सून

माझा गोंधळ वेगळा आहे. आम्ही जुलैमध्ये रत्नागिरीला गेलो तेव्हा इथल्या डॉक्टरांनी संपूर्ण कुटुंबाला हिवताप-प्रतिबंधक गोळ्या दिल्या. माझी बहीण लंडनहून आली होती. तिला तिच्या डॉक्टरांनी गोळ्यांची गरज नाही, फक्त डासांपासून जपा असे सांगितले. एकाच घरी, एकाच महिन्यात, एकाच पंख्याखाली झोपणाऱ्या दोन बहिणींना दोन सल्ले कसे मिळतात?

लेस्टरचा_वैद्य

दोन्ही सल्ले त्या त्या देशाच्या अधिकृत धोरणाप्रमाणे बरोबर आहेत. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था समुद्रसपाटीपासून २,००० मीटरपेक्षा उंच भाग सोडून साऱ्या भारतासाठी गोळ्या सुचवते. ब्रिटनमध्ये आम्ही आसाम आणि ओडिशासारख्या मोजक्या भागांसाठीच गोळ्या सुचवतो आणि उर्वरित भारतासाठी डासांपासून बचाव व ताप आल्यास तत्काळ तपासणी पुरेशी मानतो. मतभेद आहे तो गोळ्यांचे दुष्परिणाम आणि आजाराची शक्यता यांच्या तुलनेत. माझे स्वतःचे मत असे आहे की गर्भवती स्त्री, प्लीहा काढलेला माणूस किंवा महिन्याहून अधिक काळ राहणारे लहान मूल असेल आणि मुक्काम पावसाळ्यात असेल, तर आमच्या कोष्टकाबाहेर जाऊनही विचार करावा. एक गोष्ट मात्र विसरू नये. या प्रतिबंधक गोळ्यांपैकी ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस आणि डॉक्सिसायक्लिन चार आठवडे चालू ठेवावे लागते, आणि या दोन्ही गोळ्या व्हायवॅक्सच्या यकृतात झोपलेल्या बीजांना हात लावत नाहीत. शिवाय डेंगीसाठी या गोळ्यांचा काहीच उपयोग नाही.

मॉरिशसवासी

या धाग्यावर आमच्या बेटाची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर आले. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि आम्ही ती भक्तीने साजरी करतो. परंतु आमच्याकडे ऑगस्ट-सप्टेंबर हा हिवाळ्याचा शेवट असतो. आमचा उष्ण आणि ओला काळ नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे एकच सण, एकच तिथी, आणि डासांच्या दृष्टीने दोन टोकांचे हंगाम. महाराष्ट्रातून कोणी नाताळाच्या सुट्टीत 'थंडीचे दिवस आहेत' असे समजून आमच्याकडे येतो, तेव्हा इथे एडिसची भरभराट सुरू झालेली असते.

१८६७ च्या हिवतापाच्या साथीत पोर्ट लुई इतके उद्ध्वस्त झाले की ज्यांना शक्य होते ते लोक वर पठारावर क्युरपिपला राहायला गेले. त्या शहराची वाढ त्या भीतीतून झाली. हिवताप इथून कित्येक दशकांपूर्वी गेला. डेंगी आणि चिकुनगुन्या मात्र येत-जात राहतात.

शेजारच्या रियुनियन बेटाचा धडा मी नेहमी सांगतो. २००५ मध्ये तिथे चिकुनगुन्या आला आणि दक्षिणेकडचा हिवाळा सुरू झाल्यावर कमी झाला. सगळ्यांना वाटले संपला. पण तो मंद आचेवर राहिला, आणि जानेवारी-फेब्रुवारी २००६ मध्ये उन्हाळ्याच्या पावसाबरोबर असा उसळला की बेटावरच्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना, म्हणजे सुमारे २,६६,००० जणांना तो होऊन गेला. हंगाम संपला म्हणजे विषाणू संपला असे नसते.

ल्योंकर

मॉरिशसवासी यांनी जिथे सोडले तिथून मी पुढे नेतो, कारण ती गोष्ट आमच्या दारापर्यंत आली आहे. २०२५ च्या सुरुवातीच्या महिन्यांत रियुनियनमध्ये पुन्हा चिकुनगुन्याची मोठी साथ आली. रियुनियन हा फ्रान्सचाच भाग असल्यामुळे तिथून पॅरिस, मार्से, ल्यों येथे रोज माणसे येतात. दक्षिण गोलार्धातली साथ एप्रिल-मेमध्ये ओसरत होती आणि नेमक्या त्याच वेळी आमच्याकडचे पट्टेरी डास, म्हणजे एडिस अल्बोपिक्टस, हिवाळ्याच्या झोपेतून उठत होते. या डासाची अंडी दिवस लहान झाले की सुप्तावस्थेत जातात आणि वसंतात उबतात. परतणाऱ्या प्रवाशांच्या रक्तातून विषाणू या ताज्या डासांपर्यंत पोहोचला आणि त्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या मुख्य भूमीवर, कधी परदेशी न गेलेल्या सातशेहून अधिक लोकांना चिकुनगुन्या झाला. फ्रान्समध्ये १ मे ते ३० नोव्हेंबर या काळात अशा तापांवर विशेष लक्ष ठेवले जाते. हेही एक प्रकारचे चातुर्मासाचे पंचांगच आहे.

आपल्याशी जोडलेले उदाहरण इटलीतले आहे. २००७ च्या जूनमध्ये केरळमधून परतलेला एक प्रवासी रावेन्ना प्रांतातल्या एका छोट्या गावात नातेवाइकांकडे गेला, तिथे त्याला ताप आला आणि ऑगस्टपर्यंत ते गाव व शेजारचे गाव चिकुनगुन्याने आजारी पडले. तो प्रवासी जानेवारीत परतला असता तर त्याला ताप आला असता, पण पुढे काहीही झाले नसते, कारण तेव्हा तिथे हे पट्टेरी डास जवळजवळ नसतात. म्हणून मंदाकिनीताई, प्रवाशाने आपल्या परतण्याचाही महिना पाहावा असे मला वाटते. उन्हाळ्यात परतल्यावर ताप आला, तर स्वतःला आठवडाभर डास चावू न देणे हे शेजाऱ्यांवर उपकार करण्यासारखे आहे.

केवडा

म्हणजे मच्छरदाणीचा उपयोग आपण दुसऱ्यांना वाचवण्यासाठीही करायचा! हे मी कधी ऐकले नव्हते. मला हे फार आवडले.

रानवाट

मी मराठी पर्यटकांचे गट पूर्व आफ्रिकेत नेतो, म्हणून तिकडचे महिने सांगतो. केनिया-टांझानियात मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबर ते डिसेंबर असतो, आणि हिवतापाचा चढ या पावसांच्या पाठोपाठ येतो. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातले प्राण्यांचे स्थलांतर पाहायला लोक जुलै ते ऑक्टोबरमध्ये जातात. तो कोरडा काळ आहे आणि माराच्या पठारावर रात्री चांगल्याच गार असतात, त्यामुळे लोकांना गोळ्यांची गरज वाटत नाही. हे चूक आहे. कोरड्या काळात धोका कमी होतो, नाहीसा होत नाही, आणि तिथला परोपजीवी बहुतांश फाल्सीपेरम आहे. शिवाय बरेच गट शेवटचे तीन दिवस मोम्बासा किंवा झांझिबारच्या किनाऱ्यावर जातात. पठारावरचा महिना आणि किनाऱ्यावरचा महिना वेगळा असतो, हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो.

पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीबद्दल दोन वाक्ये लिहितो. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ च्या जुलैपासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. माझ्या एका गटातल्या गृहस्थांनी निघण्याच्या आदल्या दिवशी लस घेतली आणि आठव्या दिवशी परतले, तेव्हा प्रमाणपत्र लागू होईपर्यंतचे उरलेले दिवस त्यांना विलगीकरणात काढावे लागले. घरी मुलीचा साखरपुडा होता. तो त्यांनी दूरध्वनीवर ऐकला.

भारत याबाबत इतका कडक का आहे, असे लोक रागाने विचारतात. आपल्याकडे एडिस आहे, माणसे आहेत आणि ऊब आहे, फक्त पीतज्वराचा विषाणू नाही. २०१६ मध्ये अंगोलात मोठी साथ होती आणि तिथे काम करणारे अकरा चिनी कामगार तो आजार घेऊन मायदेशी परतले. सुदैवाने तो पुढे पसरला नाही. अंगोलातून सप्टेंबरच्या मुंबईत असा एक रुग्ण उतरला तर काय होईल, याचा विचार केला की त्या कडकपणाचे वाईट वाटत नाही.

पाचूचे_बेट

मी सिंगापूरमध्ये राहते. इथे डेंगीचा जोर साधारण मे ते ऑक्टोबर असतो. महाराष्ट्रातल्या शाळांना सुट्टी लागते तेव्हा, म्हणजे मेमध्ये, पाहुण्यांची रीघ लागते आणि सगळे विचारतात, 'इतक्या स्वच्छ शहरात डेंगी कसा?' एडिसला घाण नको असते, स्वच्छ साचलेले पाणी लागते. फुलदाणी, कुंडीखालची ताटली, वातानुकूलकाचे ठिबकणारे पाणी त्याला पुरते. इथले निरीक्षक घरात येऊन या जागा तपासतात आणि अळ्या सापडल्यास दंड होतो. वातानुकूलित खोलीत रात्री झोपल्याने डेंगी टळतो हा समज मात्र खरा नाही, कारण एडिस दिवसा, आपण बागेत फिरताना चावतो.

शून्य_अंश

हंगाम खरोखर किती महत्त्वाचा असतो, याचे एक मोठे उदाहरण आठवले. २०१६ मध्ये ब्राझीलमध्ये डासांतून पसरणाऱ्या झिकाची साथ होती आणि रिओ ऑलिंपिक रद्द करावे किंवा पुढे ढकलावे, अशी मागणी अनेक तज्ज्ञांनी केली होती. ऑलिंपिक ऑगस्टमध्ये झाले. ऑगस्ट म्हणजे रिओचा हिवाळा. लाखो लोक आले आणि गेले, आणि त्यांच्यापैकी कोणाला झिका झाल्याची पक्की नोंद जागतिक आरोग्य संघटनेकडे आली नाही. हीच स्पर्धा फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या दिवसांत झाली असती तर चित्र वेगळे असते. झिका आपल्यालाही परका नाही. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात गर्भवती स्त्रियांनाही त्याची लागण झाली. परदेशातून येणाऱ्या गर्भवती भगिनींनी पावसाळ्यातला मुक्काम ठरवताना हा विचार अवश्य करावा.

भाऊचा_धक्का

शून्य_अंश यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे असे मला वाटते. भीती घातली गेली आणि काही झाले नाही.

शून्य_अंश

भाऊ, काही झाले नाही कारण महिना बरोबर होता आणि आयोजकांनी साचलेल्या पाण्यावर काम केले होते. तेच तर मला सांगायचे होते. ऑलिंपिक भरवू नका म्हणणारे आणि काहीच होणार नाही म्हणणारे, या दोघांनीही दिनदर्शिका उघडायला हवी होती.

मांडवीकाठ

गोव्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे विदेशी पर्यटकांची चार्टर विमाने ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येऊ लागतात. पाऊस संपलेला असतो, आकाश निळे असते आणि पर्यटकाला वाटते की डासांचे दिवस गेले. पण पावसाच्या शेवटी वाढलेले डास आणि परोपजीवी घेऊन फिरणारी माणसे तेव्हा असतातच. २००६ चा डिसेंबर आणि २००७ चा जानेवारी या काळात गोव्याहून युरोपात परतलेल्या पर्यटकांमध्ये फाल्सीपेरम हिवताप आढळला होता आणि तिकडच्या वैद्यकीय वर्तुळात त्याची बरीच चर्चा झाली होती. पणजीत १९८० च्या दशकात बांधकामे वाढली तसा हिवताप आला, हे इथल्या जुन्या लोकांना चांगले आठवते. त्यानंतर बांधकाम मजुरांची रक्ततपासणी करून त्यांना आरोग्यपत्र देण्याची पद्धत गोव्याने लावली आणि आज हिवताप इथे अगदी थोडा उरला आहे. पर्यटकांचा हंगाम वाचवायचा तर मजुरांच्या आरोग्यापासून सुरुवात करावी लागते, हे आम्ही अनुभवातून शिकलो.

गप्पीमासा

मांडवीकाठ यांनी अगदी मर्माची गोष्ट सांगितली. जुन्या आकडेवारीचा एक दाखला देतो. आपल्या देशात १९५८ पासून हिवताप निर्मूलनाचा कार्यक्रम चालला आणि १९६५ च्या सुमारास रुग्ण वर्षाला एक लाखापर्यंत खाली आले होते. ढिलाई झाली आणि १९७६ मध्ये ते चौसष्ट लाखांवर गेले. त्या वर्षीचे पाऊस काही वेगळे नव्हते. हंगाम संधी देतो, ती घेतली जाते आपल्या ढिलाईमुळे.

आता मंदाकिनीताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्यांना तिकिटे काढायची आहेत. पनवेल भागासाठी ऑगस्ट हा हिवतापाच्या चढाचा महिना आहे. नाताळात, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस, हिवताप आणि डेंगी दोन्ही बरेच उतरलेले असतात. निवड फक्त या एका कसोटीवर करायची असेल तर डिसेंबर बरा. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लांबलेला पाऊस झाला असेल तर डेंगी डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, म्हणून निघण्यापूर्वी घरच्यांना त्या भागात किती ताप आहेत एवढे विचारा. आणि घरी फोन करून तीन कामे सांगा. गच्चीवरच्या टाकीचे झाकण घट्ट बसते का पाहावे, शौचालयाच्या टाकीच्या हवा जाणाऱ्या नळीला जाळी बांधावी, आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून पिंप, बादल्या, फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्यात. नुसते पाणी ओतून देऊ नये, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी जिवंत राहतात. अंगणात विहीर किंवा हौद असेल तर अळ्या खाणारे गप्पी मासे आरोग्य केंद्रातून मिळतात.

लेस्टरचा_वैद्य

मी परतीच्या बाजूचे सांगतो. फाल्सीपेरमचा विचार करून पहिले तीन महिने आणि व्हायवॅक्सचा विचार करून वर्षभर, ताप आला की दवाखान्यात शिरताच पहिले वाक्य 'मी अमुक महिन्यात भारतात होतो' हे असावे. डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नये. पहिली काचपट्टी निर्दोष आली तरी संशय असल्यास बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, अशा एकूण तीन तपासण्या कराव्यात. परतल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत ताप आला तर डेंगीही मनात ठेवावा. डेंगीचा उद्भवनकाळ सहसा चार ते दहा दिवसांचा असतो, त्यामुळे दोन आठवड्यांहून उशिरा आलेला ताप डेंगीचा असण्याची शक्यता फार कमी. निदान होईपर्यंत तापासाठी फक्त पॅरासिटॅमॉल घ्यावे, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. आणि डेंगीत ताप उतरल्यावर निश्चिंत होऊ नये, कारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरत असतानाच धोका सर्वाधिक असतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे यांपैकी काही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

भाऊचा_धक्का

ताई, मी सुरुवातीला जे लिहिले त्यात बदल करतो. नातवंडे यावीत हा माझा आग्रह कायम आहे. पण मुलगा सप्टेंबरमध्ये कॅनडाहून येणार आहे, तेव्हा खिडक्यांना जाळ्या मी बसवून घेईन आणि टाकीचे झाकणही बदलून घेईन. ते गेली दोन वर्षे तडकलेलेच आहे.

मंदाकिनी_म्युनिक (२ फेब्रुवारी २०२६)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री यजमानांनी आणि मी हा सारा धागा एकत्र वाचला. २१ डिसेंबरला निघून ४ जानेवारीला परतायचे, असे ठरवले आहे. सासूबाईंना फोन करून तिन्ही कामे सांगितली. झाकण घट्ट आहे, पण नळीला जाळी नव्हती. ती जुन्या सुती साडीचा तुकडा बांधून आजच लावते म्हणाल्या, आणि गणपतीला तुम्ही नाही तर मी पूजेचे चित्रीकरण पाठवीन, असेही म्हणाल्या. मुलांच्या शाळेच्या ओळखपत्रामागे मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर जर्मनमध्ये भारतातल्या मुक्कामाच्या तारखा आणि त्याखाली 'ताप आल्यास हिवतापाची रक्ततपासणी करावी' एवढे लिहिले आहे. पुढच्या वर्षाच्या तारखा आल्या की ती चिठ्ठी बदलेन.